दोन सॉकेटचा सर्व्हर, पण कर्नल बूट होताना एकच मेमरी नोड धरतो

मेहरूण_काठ (धागाकर्ता)
जळगावात एका क्लासच्या लॅबसाठी दोन सॉकेटचा जुना इंटेल सर्व्हर लावायचा आहे. दोन्ही प्रोसेसरच्या वाट्याला ३२-३२ जीबी, एकूण ६४ जीबी रॅम. बायॉसमध्ये सगळी ६४ दिसते. लिनक्स सुरू झाल्यावर मात्र न्यूमाकंट्रोल (न्यूमा म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला जवळची रॅम वेगळी असणं; सहसा एक सॉकेट आणि त्याची रॅम म्हणजे एक नोड) एकच नोड दाखवतो: नोड ०, त्यातच ६४ जीबी, त्यातच दोन्ही सॉकेटचे कोअर.

बूट लॉगमधल्या ओळी (उच्चाराप्रमाणे लिहितोय):

न्यूमा: नोड्स ओन्ली कव्हर ६३४८८ एमबी ऑफ युवर ६५४६९ एमबी ई८२० रॅम. नॉट यूज्ड.
नो न्यूमा कॉन्फिगरेशन फाउंड
फेकिंग अ नोड ॲट...

कर्नल जुना म्हणून असं होत असेल असं धरून नवा टाकला, तर तो बूटच होत नाही. ग्रब या बूट लोडरनंतर स्क्रीन काळी. जुन्या कर्नलवर मशीन व्यवस्थित चालतं. दोन नोड दिसण्यासाठी काय करावं? आणि नवा कर्नल का लटकतो?

भुसावळ_जंक्शन
बायॉसमध्ये 'नोड इंटरलीव्हिंग' चालू असेल. बंद करा. दहातल्या नऊ धाग्यांचं उत्तर हेच असतं.

सातपुडा_६४
जंक्शनभाऊ, हा दहावा धागा दिसतोय. इंटरलीव्हिंग चालू असेल तर फर्मवेअर सहसा एसरॅट टेबल देतच नाही. मग लॉगमध्ये थेट 'नो न्यूमा कॉन्फिगरेशन फाउंड' येतं, त्याच्या आधीची 'नोड्स ओन्ली कव्हर' ही ओळ येत नाही. इथे ती आलीय. म्हणजे टेबल मिळालं, कर्नलनं वाचलं, हिशेब केला आणि नाकारलं.

एक्स८६ वर क्रम असा असतो: आधी एसीपीआयचं (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं ती टेबलं) एसरॅट टेबल. ते जमलं नाही तर जुन्या एएमडी चिपसाठीची वेगळी तपासणी. तीही फसली तर डमी, म्हणजे सगळी मेमरी एकाच खोट्या नोडमध्ये. 'फेकिंग अ नोड' ही ओळ त्या तिसऱ्या पायरीची. ती आली की वर काहीतरी फसलेलं असतं, म्हणून लॉग नेहमी तिच्या वरच्या बाजूला वाचत जायचा.

मेहरूणभाऊ, लॉगमधल्या 'एसरॅट' शब्द असलेल्या सगळ्या ओळी टाका. 'नोड ० पीएक्सएम ०' (पीएक्सएम म्हणजे फर्मवेअरनं त्या गटाला दिलेला क्रमांक) अशा सुरुवातीच्या आणि पुढे पत्त्यांची रेंज असलेल्या.

रावेरची_केळी
जरा सोप्या भाषेत सांगा ना कुणीतरी. ई८२० काय, एसरॅट काय? आमच्यासारखे वाचणारेही आहेत इथे.

पांझराकाठ
रावेरताई, ई८२० म्हणजे गावच्या शिवाराचं एकूण क्षेत्र: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत रॅम आहे, इथे राखीव आहे, इथे काही नाही. मालक कोण, हे त्यात नसतं. एसरॅट म्हणजे सातबारा: एवढा तुकडा नोड ० च्या नावावर, एवढा नोड १ च्या. कर्नल दोन्ही दप्तरं ताडून बघतो. शिवारात जमीन आहे पण सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही, असा तुकडा १ एमबीपेक्षा मोठा निघाला की तो सातबाराच फेटाळतो आणि सगळं शिवार एका नावावर चढवतो.

१ एमबीची सूट का, तर हिशेबात थोडी पानं इकडेतिकडे होतात म्हणून. इथे फरक १९८१ एमबीचा आहे. तो काही पानांचा घोळ नाही.

भुसावळ_जंक्शन
म्हंजे बठ्ठं तलाठीना हातमा शे ते!

चाळीसगाव_लोकल
आणि तलाठी रजेवर.

मेहरूण_काठ
सातपुडाभाऊ, ओळी दोनच आहेत. सोळाधारी आकडे जीबीत करून लिहितो:

नोड ० पीएक्सएम ०: ४ जीबी ते ३४ जीबी
नोड १ पीएक्सएम १: ३४ जीबी ते ६६ जीबी

आणि ई८२० मध्ये ० ते साधारण २ जीबी वापरण्याजोगी रॅम, मग मोठं भोक, मग ४ जीबी ते ६६ जीबी.

सातपुडा_६४
सापडलं. ३० अधिक ३२ म्हणजे ६२ जीबी, म्हणजे बरोबर ६३४८८ एमबी. पहिल्या सॉकेटच्या ३२ जीबीपैकी २ जीबी ४ जीबीच्या खाली बसते, उरलेली ३० वर. ४ जीबीच्या खालच्या भोकात पीसीआय उपकरणांचे पत्ते असतात. तुमच्या फर्मवेअरनं वरच्या ३० ची नोंद केली, खालचे २ जीबी लिहिलेच नाहीत.

आता नवा कर्नल का लटकतो ते. हा वेगळाच दोष आहे, दोन्ही एकत्र करू नका.

जुन्या तपासणीत नोडांच्या नावावरची मेमरी मोजायची, ई८२० च्या बेरजेतून वजा करायची, एवढंच होतं. २०२३ मध्ये ती बदलली. नव्या पद्धतीत मेमब्लॉकचा (बूट होताना कर्नल ठेवतो ती मेमरीची यादी) एकेक तुकडा बघतात आणि ज्याचा नोड क्रमांक 'न्यूमा नो नोड', म्हणजे उणे १, आहे तेवढ्यांची बेरीज करतात. कल्पना चांगली, कारण सगळ्या आर्किटेक्चरना एकच फंक्शन चालतं. पण एक्स८६ चा कोड त्याच्या आधीच सगळ्या तुकड्यांवर 'मॅक्स न्यूमनोड्स' हा आकडा मारून ठेवत होता. ६४-बिट कर्नलच्या डीफॉल्ट कॉन्फिगमध्ये नोड्स शिफ्ट ६ असतो, म्हणजे तो आकडा ६४ धरू. तुमचे खालचे २ जीबी ६४ वरच राहिले. तपासणी शोधतेय उणे १. तिला बिनमालकाचं काहीच दिसलं नाही आणि तिनं अपुरं टेबल मंजूर केलं. पुढे मेमरीच्या पानांची मांडणी करताना कर्नल ६४ क्रमांकाच्या नोडची माहिती उघडायला गेला. नोड ० ते ६३ च असतात. नल पॉइंटर (नसलेल्या जागेकडे बोट), पॅनिक (कर्नल कोसळला). त्या वेळी कन्सोल सुरू झालेला नसतो, म्हणून काळी स्क्रीन.

दुरुस्ती २०२४ च्या मध्यात मुख्य कर्नलमध्ये आली: सुरुवातीचा शिक्का 'न्यूमा नो नोड'चा करायचा, आणि तपासणीत 'क्रमांक वैध आहे का' हे बघायचं. तेव्हा तुमच्या डिस्ट्रोचा सर्वात ताजा कर्नल घ्या, चेंजलॉगमध्ये मेमब्लॉक आणि न्यूमाची नोंद शोधा. पण एक लक्षात घ्या, त्या दुरुस्तीनं मशीन बूट होईल, नोड दोन होणार नाहीत. दुरुस्त कर्नल टेबल पुन्हा नाकारेलच, फक्त संदेश वेगळा असेल, 'नो नोड्स कव्हरेज फॉर' अशा सुरुवातीचा.

बोरी_अमळनेर
काळ्या स्क्रीनवर अंदाज बांधण्यापेक्षा खात्री करा. सिरियल पोर्ट असेल तर कर्नलच्या ओळीत अर्लीप्रिंटके=सिरियल, टीटीवायएस०, ११५२०० द्या (कॉमानंतर जागा सोडू नका). यूईएफआय मशीन असेल आणि केबल नसेल तर अर्लीकॉन=ईएफआयएफबी. जोडीला मेमब्लॉक=डीबग दिलं की कुठला तुकडा कुठल्या नोडला गेला तेही छापलं जातं. ओळी भराभर सरकतात, मोबाइलवर व्हिडिओ काढून मग थांबवत वाचा.

चाळीसगाव_लोकल
एवढं कशाला? न्यूमा=ऑफ लिहा, मोकळे व्हा. नवा कर्नलही बूट होईल.

सातपुडा_६४
बूट होईल हे खरं. न्यूमा=ऑफनं एसरॅट वाचलंच जात नाही, थेट डमी. तातडीनं मशीन उभं करायला उत्तम. कायमचा उपाय म्हणून नाही.

चाळीसगाव_लोकल
का नाही? क्लासच्या लॅबमध्ये कोण बँकेचा डेटाबेस चालवणार आहे? पोरं सी प्रोग्रॅम लिहिणार.

पांझराकाठ
लोकलभाऊंचं अर्धं पटतं. हलक्या कामाला फरक जाणवणार नाही. पण न्यूमा=ऑफ आणि बायॉसचं इंटरलीव्हिंग या दोन गोष्टी लोक एकच समजतात, तिथे गडबड आहे.

इंटरलीव्हिंगमध्ये हार्डवेअर लागोपाठचे पत्ते दोन्ही सॉकेटमध्ये आलटून पालटून वाटतं. प्रत्येक प्रोग्रॅमला सरासरी वेग मिळतो, ना फार चांगला ना फार वाईट. न्यूमा=ऑफमध्ये मेमरी जिथल्या तिथेच असते, ३४ जीबीच्या खालची एका सॉकेटला, वरची दुसऱ्याला. फक्त कर्नलला ते माहीत नसतं. मग दुसऱ्या सॉकेटवरच्या प्रोग्रॅमला सगळी मेमरी पहिल्या सॉकेटची मिळू शकते. एकाच बाजूच्या मेमरी कंट्रोलरवर ताण, दुसरा रिकामा. तोच प्रोग्रॅम कधी जलद, कधी मंद, आणि कारण सापडत नाही. एकच नोड हवा असेल तर बायॉसचं इंटरलीव्हिंग चालू करा, ते निदान प्रामाणिक आहे.

रावेरची_केळी
न्यूमा=फेक=२ दिलं तर दोन नोड येतील ना?

सातपुडा_६४
येतील ताई, पण नावाप्रमाणेच. खरे नोड सापडलेले नसताना फेक फक्त पत्त्यांचे तुकडे पाडतं. कुठला कोअर कुठल्या तुकड्याजवळ आहे याची माहिती त्याच्याकडे नसतेच. प्रोग्रॅम तपासायला, शिकवायला ठीक. खऱ्या मशीनवर वेगासाठी वापरलं तर प्रोग्रॅम चुकीच्या बाजूला बांधले जाण्याचा धोका जास्त.

शिकवायलाच हवं असेल तर क्यूएमू या एम्युलेटरमध्ये दोन नोडचं व्हर्च्युअल मशीन करा. प्रत्येक नोडला वेगळा मेमरी बॅकएंड, कोअरची वाटणी आणि हवं तर नोडांमधलं अंतरही देता येतं. अंतर मुद्दाम चुकीचं देऊन बघा, मुलांना लॉग वाचायची सवय लागते.

भुसावळ_जंक्शन
टेबलात हात घालण्याआधी खालच्या गोष्टी बघून घ्या, नाहीतर उगाच दमछाक.

पहिलं, दोन्ही सॉकेटच्या बँकांमध्ये पट्ट्या आहेत का. डीएमआयडीकोडला टाइप १७ विचारा, प्रत्येक स्लॉटचं नाव आणि आकार येतो. दुसऱ्या सॉकेटला पट्टीच नसेल तर तो नोड बिनमेमरीचा दिसतो, आकार ० एमबी. तो कर्नलचा दोष नव्हे. एखादी पट्टी खराब निघाली की काही बायॉस ती गुपचूप बाद करतात, तेव्हा एक नोड दुसऱ्यापेक्षा लहान दिसतो.

दुसरं, बायॉसची नवी आवृत्ती आहे का. एसरॅट तिथूनच येतं, खरा इलाज तोच.

तिसरं, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण बॅटरी. जुन्या सर्व्हरची ती बहुधा मेलेली असते. आपल्याकडे वीज गेली, यूपीएस उतरला की सगळी सेटिंग मूळ पदावर. आज इंटरलीव्हिंग बंद केलं, वादळानंतर परत चालू. बॅटरी बदला, मगच सेटिंग करा.

चाळीसगाव_लोकल
आणि मे महिन्यात जळगावात त्या खोलीला एसी लावा. ४५ अंशांत रॅमची नाही, माणसाचीच ओळख पटत नाही.

मेहरूण_काठ
पट्ट्या बरोबर आहेत, प्रत्येक सॉकेटला ८ जीबीच्या चार. बॅटरी बदलली. बायॉसची शेवटची आवृत्ती आधीच टाकलेली आहे, बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलचा पाठिंबा थांबवलाय. इंटरलीव्हिंग बंदच आहे. म्हणजे आता टेबलच दुरुस्त करायचं का?

सातपुडा_६४
हो. बायॉसला हात लावायची गरज नाही. कर्नल बूट होताना इनिटआरडीमधून (बूटच्या वेळी कर्नलसोबत चढणारा फाइलींचा गठ्ठा) बदललेलं टेबल उचलतो, आणि ते न्यूमाच्या मोजणीआधी होतं, म्हणून उपयोगी पडतं. कर्नलमध्ये एसीपीआय टेबल अपग्रेडचा पर्याय चालू हवा. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये बघा, मोठ्या डिस्ट्रोंमध्ये असतो.

रूट होऊन सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी जागा) फर्मवेअर, एसीपीआय, टेबल्स या फोल्डरमधून एसरॅट फाइल कॉपी करा. मूळ प्रत वेगळी जपून ठेवा. आयएएसएल (एसीपीआयसीए टूल्सच्या पॅकेजमध्ये मिळतो) उणे डी लावून चालवला की वाचता येणारी डीएसएल फाइल मिळते.

तिच्यात मेमरी ॲफिनिटीच्या नोंदी शोधा, सबटेबल प्रकार १. पीएक्सएम ० ची नोंद ४ जीबीपासून सुरू होते, सोळाधारीत १०००००००० (एकावर आठ शून्यं). लांबी ७८०००००००, म्हणजे ३० जीबी. नवी नोंद घालायची गरज नाही. सुरुवात ० करा आणि लांबी ८८०००००००, म्हणजे ३४ जीबी. मधलं भोक त्या रेंजमध्ये आलं तरी चालतं, कारण कर्नल भोकांची पानं वजा करूनच मोजतो. नोड १ ची रेंज ३४ जीबीलाच सुरू होते, तिला धक्का लागत नाही. रेंज एकमेकींवर चढता कामा नयेत. दोन वेगळ्या नोडांच्या रेंज चढल्या की कर्नल सगळंच टेबल फेकतो.

'एनेबल्ड' बिट १ आहे ना बघा. तो ० असेल तर नोंद असून नसल्यासारखी.

मग टेबलाच्या हेडरमधली ओईएम रिव्हिजन एकनं वाढवा. हे विसरलात तर बदल होणारच नाही, कर्नल जुनंच टेबल वापरेल. चेकसम आयएएसएल स्वतः काढतो. फाइल पुन्हा आयएएसएलमधून काढली की एएमएल तयार.

एएमएल फाइल 'कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय' अशा फोल्डरच्या उतरंडीत ठेवा, सीपीआयओनं 'न्यूसी' फॉरमॅटमध्ये बांधा. कॉम्प्रेस करू नका. हा गठ्ठा मूळ इनिटआरडीच्या आधी यायला हवा.

बोरी_अमळनेर
दोन पुरवण्या. डेबियन-उबुंटू असेल तर गठ्ठे हातानं जोडू नका. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये 'ग्रब अर्ली इनिटआरडी लिनक्स कस्टम' नावाचा पर्याय आहे, त्यात फाइलचं नाव द्या आणि ग्रब अपडेट करा. कर्नल बदलला तरी टिकतं. ड्रॅकट (इनिटआरडी बनवणारं साधन) वापरणाऱ्या डिस्ट्रोत 'एसीपीआय ओव्हरराइड' ला 'यस' आणि टेबल ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा.

दुसरी, सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि टेबल सरळ दुर्लक्षित करतो. लॉगमध्ये तशी ओळ येते. बंद करावं लागेल. नंतर कर्नलवर 'ए' हा टेंट शिक्का दिसेल, त्याला घाबरू नका. टेबल बदललंय एवढीच ती नोंद.

पांझराकाठ
आणि ग्रबमध्ये मूळ इनिटआरडीची नोंद तशीच राहू द्या. नव्यानं बूट झालं नाही तर परतीची वाट हवी.

खूप जुन्या बोर्डांवरची एक गोष्टही सांगून ठेवतो. एसरॅटची रिव्हिजन १ असेल तर पीएक्सएमचा फक्त खालचा ८ बिटांचा भाग धरायचा, वरचे राखीव. काही फर्मवेअर त्या राखीव जागेत कचरा सोडतात. रिव्हिजन २ पासून ३२ बिट. त्यामुळे टेबल सुधारताना रिव्हिजन १ ची २ करून टाकू नका, अचानक भलत्याच क्रमांकाचे डोमेन येतील.

रावेरची_केळी
सातबारा दुरुस्त करायला इतके कागद लागत नाहीत हो.

भुसावळ_जंक्शन
ताई, तुम्ही अजून गेला नाहीत वाटतं तहसीलला.

यावल_६५
मध्येच विचारतो. एएमडीच्या एकाच सॉकेटच्या मशीनवर चार नोड दिसतात. हा पण दोष का?

सातपुडा_६४
नाही. एपिक प्रोसेसरच्या बायॉसमध्ये 'नोड्स पर सॉकेट' म्हणजे एनपीएस असतं. एनपीएस४ असेल तर एका सॉकेटचे चार. १ केलं की एकच. दोन सॉकेटच्या मशीनवर एनपीएस० दिलं तर दोन्ही सॉकेट मिळून एक, म्हणजे वर पांझराकाठ म्हणाले ते इंटरलीव्हिंगच. इंटेलकडे याच धर्तीवर सब-न्यूमा क्लस्टरिंग आहे.

मेहरूण_काठ
झालं. टेबल बदललं, सिक्युअर बूट बंद केलं, डिस्ट्रोचा ताजा कर्नल टाकला. लॉगमध्ये 'एसरॅट एसीपीआय टेबल फाउंड इन इनिटआरडी' आलं, 'फेकिंग अ नोड' गेली. न्यूमाकंट्रोलमध्ये दोन नोड, दोन्ही जवळपास ३२ जीबी. अंतर १० आणि २१. कोअरही दोन्हीकडे निम्मे वाटले गेलेत.

चाळीसगाव_लोकल
अभिनंदन भो. आता पोरांचा 'हॅलो वर्ल्ड' जवळच्या नोडवरून छापला जाईल.

पांझराकाठ
अंतराचे आकडे नीट आलेत म्हणजे एसलिट (नोडांमधल्या अंतराचं) टेबल बरोबर आहे. स्वतःपासूनचं अंतर १० च असावं लागतं आणि दुसऱ्याचं त्याहून जास्त. तसं नसेल तर कर्नल तेही नाकारतो आणि १० व २० धरतो.

थोडा लोड देऊन न्यूमास्टॅट बघा. 'न्यूमा मिस' आणि 'न्यूमा फॉरिन' (एका नोडवर हवी असलेली मेमरी दुसऱ्यावर मिळाली याची मोजणी) फार वेगानं वाढत नसतील तर वाटप जागेवर होतंय. प्रत्येक नोडची मोकळी मेमरी सिसएफएसमध्ये नोडच्या फोल्डरातल्या मेमइन्फोत दिसते.

बोरी_अमळनेर
झोन रिक्लेम मोड ० आहे ना तेही बघा. कुणाच्या जुन्या ट्यूनिंग फाइलमधून १ आलेला असतो. मग एक नोड भरला की दुसऱ्यात जागा असूनही कॅशे रिकामी करत बसतो.

मेहरूण_काठ
० आहे. सुधारलेली डीएसएल फाइल कुठे ठेवू? याच मॉडेलचे आणखी सर्व्हर धुळ्याकडे बाजारात आलेत असं ऐकतोय.

सातपुडा_६४
फाइल वाटू नका. रेंज रॅमच्या आकारावर ठरतात, १२८ जीबीच्या मशीनवर तुमचे आकडे चुकतील. ज्याला लागेल त्यानं स्वतःच्या मशीनचं टेबल काढावं.